उमरेडची बस येईपर्यंत

"बाभळीचं?" नत्थूजींनी मिटलेले डोळे उघडले. "पुन्यांदा वाचा बरं, सिस्टर. बाभळीचंच म्हनलं ना?"

"हो काका. बाभळीच्या लाकडाची पेटी. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच."

"मंग बरोबर हाय." नत्थूजींचा डावा हात दोन सुयांनी मशीनला जोडलेला होता, म्हणून त्यांनी उजव्या हातानेच हवेत ती पेटी मोजली. "बाभळीले उधई-वाळवी नाही लागत. अन् त्या रेताडात सागवान कुठून आनन कोनी? जे उगवते त्याचंच केलं. बनवनारा हुशार होता."

कामिनी लोंढे मान वर करून त्यांच्याकडे पाहतच राहिली. गेली अकरा वर्षं दर फेब्रुवारीत ती याच पानापाशी येऊन थांबत होती. पेटीची मापं, पडद्यांची मापं, खांब किती, कड्या किती. इथं आलं की तिची मान खाली जायची, कपाळ पानाला टेकायचं आणि शास्त्रवाचन त्या वर्षापुरतं संपायचं. ही पेटी कुणीतरी हातानं केली असेल, त्याच्यासमोर लाकडाचा ओंडका असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"पुढं वाचा," नत्थूजी म्हणाले. "सोनं कुठं लावलं ते सांगा."

"आता बीपी पाहू द्या. चहाची सुट्टी संपली माझी."

नागपुरात सदरमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते सहा मशीनचं डायलिसिस सेंटर होतं. कामिनी तिथं नऊ वर्षं नर्स होती. त्याआधी सतरा वर्षं एका मिशनच्या दवाखान्यात होती, तो बंद पडला. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगी सोनिका बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. हुडकेश्वरला दोन खोल्यांचं घर, पहाटे पावणेपाचला येणारं नळाचं पाणी, सातची ड्यूटी, आठ तास पायांवर, आणि घरी येऊन मोजे काढले की पोटऱ्यांवर रात्रीपर्यंत न जाणारे वळ. कामिनीचं आयुष्य एवढ्यात सांगून होत असे. सांगायची वेळ मात्र कुणी आणली नव्हती.

चर्चमधून दर नव्या वर्षी एक तक्ता मिळायचा. तीनशे पासष्ट चौकोन, रोजचे अध्याय वाचले की खूण करायची, वर्षात सबंध शास्त्र वाचून व्हायचं. कामिनी तो फ्रिजच्या दारावर लावायची. दहा फेब्रुवारीपर्यंत खुणा असायच्या, नंतर चौकोन कोरे. उत्पत्तीचं पुस्तक तिला जवळजवळ पाठ झालं होतं, कारण ते अकरा वेळा वाचलं होतं. त्या पेटीच्या पुढच्या कशाचा पत्ता नव्हता. पाळकसाहेब उपदेशात म्हणायचे, ज्याला वचनासाठी वेळ सापडत नाही त्याला अनंतकाळाची किंमत कळलेली नाही. तिसऱ्या बाकावर बसून कामिनीच्या मनात यायचं, साहेब, तुमचे पाय नाही सुजत. आणि लगेच तिची तिलाच लाज वाटायची.

पहाटे जमत नाही म्हणून यंदा तिनं पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकून आणायला सुरुवात केली होती. सकाळी अकरा वाजता सगळे पेशंट जोडून झाले की तिला पंधरा मिनिटं चहाची सुट्टी असे. चार नंबरच्या मशीनजवळ एक स्टूल होतं, पंख्याखाली. पहिल्याच मंगळवारी ती तिथं पुस्तक उघडून बसली आणि तिसऱ्या ओळीला तिचा डोळा लागला. पुस्तक खाली पडलं.

"पुस्तक पडलं जी," चार नंबरवरचा म्हातारा म्हणाला. तेच नत्थूजी. नवीन होते, जेमतेम महिन्याचे. "कशाचं हाय?"

"आमचं शास्त्र आहे. बायबल."

"मंग झोपता काहून?"

कामिनीनं पुस्तक उचलून झटकलं. "झोपत नाही हो. डोळा लागला."

"आमची देवकीही पोथी आयकता आयकता पेंगते. मनात वाचलं का झोप येतेच. मोठ्यानं वाचा. माह्याही चार घंटे जाते." मग थोडं थांबून ते म्हणाले, "मले धर्मगिर्म नाही बदलवाचा बरं. माह्या घरी देव हायेत. गोष्ट म्हनून आयकतो."

"मीही तसं काही सांगत नाही, काका."

"मंग वाचा."

नत्थूजी उमरेडकडून यायचे, आठवड्यातून तीनदा, एसटीनं, एकटेच. बायकोला बस लागायची. अर्ध्या वाटेतच तिला ओकाऱ्या सुरू व्हायच्या. साखरेनं त्यांचे डोळे गेले होते, माणूस दिसायचा पण अक्षर दिसत नव्हतं. एकतीस वर्षं ते कोळशाच्या खाणीत पंपावर होते. खाणीत झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसायचं, हे त्यांचं काम. "आता माह्यंच पानी उपसाव लागते," असं ते पहिल्याच दिवशी कामिनीला म्हणाले होते आणि स्वतःच हसले होते.

मधूनच सुरू केलेलं त्यांना चालेना. सुरुवातीपासून पाहिजे. म्हणून दोन आठवडे कामिनीनं पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगितलं. पाठच होतं ते. नावं नत्थूजींच्या लक्षात राहत नसत. ते आपली नावं ठेवत. विहिरी खणणारा, सपनं सांगणारा पोरगा, आणि ज्यानं लोकांना गुलामीतून काढून वाळवंटात आणलं तो म्हातारा. बापाच्या विहिरी शेजाऱ्यांनी मातीनं बुजवल्या आणि मुलानं त्या पुन्हा खणल्या, हे ऐकून नत्थूजी इतके खूश झाले की मशीनचा अलार्म वाजला. "हात हलवू नका," म्हणत कामिनीनं तो बंद केला.

एके दिवशी तिनं सांगितलं की वाळवंटात त्या लोकांना खायला रोज सकाळी आभाळातून पडायचं. ज्याला जेवढं लागेल तेवढंच वेचायचं. उद्यासाठी ठेवलं तर त्यात किडे पडायचे.

"रोजचं रोज?"

"रोजचं रोज."

नत्थूजी मशीनच्या नळीतून फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडे पाहत राहिले. "आमचं तसंच हाय," ते म्हणाले. "आज साफ केलं तर परवा पुन्यांदा. जमा करून ठेवता नाही येत."

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये उभ्यानं लोंबकळत कामिनी ते एकच वाक्य घोळवत राहिली. अकरा वर्षं तिला वाटत आलं होतं की सोनिकाचं शिक्षण झालं की, गुडघे बरे झाले की, निवृत्त झालं की मग नीट बसून वाचू. ती सगळं उद्यासाठीच ठेवत होती.

मार्च गेला. पडद्यांची मापं संपली, होमाचे नियम संपले. कामिनी म्हणायची, "हे सोडून देऊ का काका? त्या बाभळीच्या पेटीपुढं मी कधी गेलेच नव्हते." नत्थूजी म्हणायचे, "सोडाचं काहून? मशीनचा एक नट सोडला तर चालन का?" फ्रिजवरचा तक्ता केव्हाच मागे पडला होता, पण पुस्तकातली खुणेची फीत दर वेळी दोन-चार पानं पुढं सरकत होती. पाय पूर्वीइतकेच दुखत होते. तरी मंगळवार, गुरुवार, शनिवार उजाडला की आज पुढं काय आहे हे तिलाही माहीत नसायचं, आणि त्याची तिला गंमत वाटायची.

एप्रिलच्या मध्यात सेंटरच्या मॅनेजरनं तिला खोलीत बोलावलं. अंकित तिशीतला होता, वागायला वाईट नव्हता. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. कुणा पेशंटच्या नातेवाइकानं दारातून काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ होता. स्टुलावर कामिनी, हातात काळं पुस्तक, पलंगावर नत्थूजी. खाली लिहिलं होतं, इथं आजारी माणसांना काय ऐकवतात ते पाहा.

"मी चहाच्या सुट्टीत वाचते, सर," कामिनी म्हणाली. "त्यांनीच म्हटलं म्हणून."

"मला माहीत आहे ना, सिस्टर. पण ते व्हिडिओत दिसून नाही राहिलं. दोन जणांचे फोन आले मला. उद्या दहा जण येऊन उभे राहतील." त्यानं एक कागद सरकवला. सेंटरमध्ये धार्मिक वाचन करणार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. "आणि आणखी एक सांगतो. पुढच्या महिन्यात इन्चार्जचं नाव वर पाठवायचं आहे. तुमचंच आहे माझ्या डोक्यात. नऊ ते पाच, खुर्चीवर बसून काम. फक्त हे इथंच थांबवा. बाहेरही पेशंटसोबत बसणं-बिसणं नको. लोक फोटो काढतात."

कामिनीनं कागद दोनदा वाचला आणि सही केली. ड्यूटीची वेळ सेंटरची होती, यात खोटं काही नव्हतं. जिना उतरताना तिच्या डोक्यात नऊ ते पाच हेच शब्द होते. पाणी भरून पुन्हा साडेसहापर्यंत झोप. पाय खुर्चीखाली. आणि मग खरंच, रोज सकाळी अर्धा तास, चहा समोर ठेवून, डोळे उघडे ठेवून शास्त्र वाचता येईल. तिनं मनातल्या मनात देवाचे आभारही मानले.

नत्थूजींना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी अंगठा देतो. माह्या मर्जीनं होतं म्हनून लिहून घ्या."

"तसं नसतं काका."

"मंग राहू द्या. तुमची नोकरी हाय." आणि त्यांनी डोळे मिटले.

नत्थूजींचं मशीन अडीचला सुटायचं. रिक्षानं ते एसटी स्टँडवर जायचे आणि चारच्या उमरेड बसची वाट पाहत बसायचे. कामिनीची ड्यूटी तीनला संपायची. तिची हुडकेश्वरची बसही स्टँडच्या समोरूनच सुटायची. पहिला आठवडा ती मान खाली घालून बसमध्ये चढली. दुसऱ्या मंगळवारी तिला खिडकी मिळाली. उन्हानं रस्ता पांढराफटक झाला होता. समोर स्टँडच्या छपराखाली बाकावर नत्थूजी बसले होते. डोक्याला दुपट्टा बांधलेला, हाताला सुयांच्या जागी कापसाच्या पट्ट्या. बाकावर गर्दी होती, तरी त्यांनी आपल्या शेजारी पिशवी ठेवून एका माणसाची जागा धरली होती. कुणी बसायला आलं की हात आडवा करत होते.

कामिनीला त्या क्षणी त्यांचा रागच आला. तिला कुणाला बाकावर वाट पाहायला लावायची नव्हती. तिला घरी जायचं होतं, मोजे काढायचे होते, कूलरसमोर पालथं पडायचं होतं. कंडक्टरनं घंटी मारली.

"थांबा," ती म्हणाली. "उतरायचं आहे."

नत्थूजींनी तिला पाहून काही आश्चर्य दाखवलं नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बारा जन हेर पाठवले होते त्या म्हाताऱ्यानं," ते म्हणाले. "तिथं राहिलं होतं."

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस तो बाक त्यांचा झाला. सव्वातीन ते चार. मे महिन्यातली नागपूरची दुपार, स्टँडवर गरम वारा, बसच्या धुराचा वास, कर्ण्यावरून ओरडणारा माणूस. कामिनी वाचायची, मधे घसा कोरडा पडला की नत्थूजींना न विचारता पाणी प्यायची. त्यांना दिवसाला ठरावीकच पाणी चालायचं, म्हणून ती पाठ वळवून प्यायची. कधी वाचता वाचता तिचे डोळे मिटत, तेव्हा नत्थूजी कोपरानं ढोसत. कधी नत्थूजींचेच मिटत, तेव्हा ती ढोसत नसे, पण बस आली की ते विचारत, "मी झोपलो होतो तवा काय झालं?" आणि पुढच्या वेळी ती दोन पानं मागे जायची.

ती घरी पोहोचेपर्यंत साडेपाच व्हायचे. एकदा सोनिका चिडली. "मम्मी, त्यांच्या घरचे लोक नाहीत का? तू काहून इतकं करून राहिली? तुले कोणी पाहिलं तर?"

"पाहिलंच असेल."

"मग?"

"मग काही नाही. भाजी काय करू?"

आणि कुणीतरी पाहिलंच. मेच्या अखेरीस इन्चार्ज म्हणून लतिकाचं नाव आलं. लतिका तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, कामाला चांगली. ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत ती कामिनीचा हात धरून म्हणाली, "ताई, मी नाही मागितलं वं. देवाशप्पथ." कामिनीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अंकित दोन दिवस तिची नजर चुकवत होता. कामिनीला वाईट वाटलं नाही असं नाही. त्या रात्री तिनं गरम पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ ती टबातल्या पाण्याकडे बघत राहिली. नऊ ते पाच. खुर्ची. देवाला तिनं विचारलं नाही की असं का. विचारायलाही त्राण लागतं.

जूनचा पहिला आठवडा. मंगळवारी चार नंबरवर नत्थूजी आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. डायलिसिसचा पेशंट दोन वेळा चुकला तर काय होतं हे कामिनीला कुणी सांगायला नको होतं. तिनं फाइलमधला नंबर काढून फोन लावला. पलीकडे देवकी होती. तिचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"ते नाही म्हनते जी. आता मशीनवर नाही बसत म्हनते. पोरगा येऊन गेला पुन्याहून, डाक्टर येऊन गेला. कोनाचं आयकत नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमाले बलावलं हाय. थोडंच राहिलं म्हनते."

रविवारी कामिनी सकाळची उपासना सोडून एसटीत बसली. ड्यूटीखेरीज दुसऱ्या कारणानं तिनं कधी रविवार चुकवला नव्हता. सोनिका दारात उभी राहून म्हणाली, "चर्च सोडून?" कामिनी म्हणाली, "पुस्तक सोबत आहे," आणि पाण्याची बाटली भरून निघाली.

उमरेडच्या बाहेर, खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नत्थूजींचं घर होतं. पुढच्या खोलीत खाटेवर ते उशांना टेकून बसले होते. तोंड सुजलं होतं, पायांवर बोट ठेवलं तर खड्डा राहत होता. दम लागत होता. कामिनीनं सवयीनं आधी नाडी धरली.

"काका, उद्या चला. मी लतिकाशी बोलते, सकाळीच लावू. एका वेळेत बरं वाटेल."

नत्थूजी हसले. बोलायला त्यांना मधेमधे थांबावं लागत होतं. "आमची खान बंद झाली ना सिस्टर, त्या दिवशी साहेब आला. म्हने, नत्थू, पंप बंद कर. मी म्हनलं, साहेब, पानी भरन. तो म्हने, भरू दे. कोळसा संपला आता." ते थांबले. "एकतीस वर्सं चालवला होता. मीच बटन दाबलं. मले वाटलं, पानी धावत येईन. तसं काही नाही होत. हळूहळू भरते. आवाजही नाही येत. आता जाऊन पाहा, केवढं निळं पानी हाय तिथं. बगळे येते."

कामिनीला सव्वीस वर्षांच्या नोकरीत पेशंटची समजूत काढायची वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही तिनं वापरलं नाही. तिनं त्यांचा हात पांघरुणावर ठेवला आणि चष्मा लावला.

देवकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अंबाडीची भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

कामिनीनं वाचलं. चाळीस वर्षं ज्यानं त्या लोकांना वाळवंटातून चालवलं, तो म्हातारा शेवटी एका डोंगरावर चढतो. देव त्याला वरून सगळा मुलूख दाखवतो. खजुरांचं गाव, लांबचा समुद्र, दऱ्या, शेतं. आणि सांगतो की हे तू डोळ्यांनी पाहिलंस, पण तिथं तू जाणार नाहीस.

"पोचला नाही?" नत्थूजींनी विचारलं.

"नाही. लांबून पाहिलं."

"एवढं चालून?"

"हो."

नत्थूजी आढ्याकडे बघत राहिले. "पन दाखवलं तर खरं," ते म्हणाले. "दाखवनारा सोबत होता ना वर?"

कामिनीनं पुन्हा ओळीवर बोट ठेवून पाहिलं. "सोबतच होता. त्यानंच पुरलं त्याला, असं लिहिलंय. कबर कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही."

"बरं हाय. कोनाले खड्डा खनाचा तरास नाही." ते पुन्हा हसायला गेले आणि खोकले. कामिनीनं त्यांना धरून बसवलं, पाठ चोळली, आणि ओल्या कापसानं ओठ पुसले. खोकला थांबला तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. "तुमचं झालं ना आता पुढं? अटकत होत्या तुमी. बाभळीपाशी."

"झालं, काका."

"मंग झालं."

थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. कामिनीनं मनातल्या मनात प्रार्थना केली. शब्द सापडत नव्हते, तेव्हा नुसतं त्यांचं नाव घेतलं, तीन-चार वेळा. देवकीनं तिला जेवायला बसवलं. भाकर, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा. निघताना देवकी रस्त्यापर्यंत आली आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

बुधवारी सकाळी फोन आला तेव्हा कामिनी चार नंबरवर नव्या पेशंटला सुई लावत होती. फोन खिशात थरथरत राहिला. हात रिकामे नव्हते. दोन्ही सुया लावल्या, पट्ट्या चिकटवल्या, पंप सुरू केला, पेशंटला विचारलं, "दुखतंय का?" तो नाही म्हणाला. मग ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि फोन पाहिला. पाच मिनिटांनी चेहरा धुऊन बाहेर आली. लतिकानं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला ट्रे काढून घेतला.

तेरवी झाल्यावर तीन-चार दिवसांनी, दुपारी तीनला कामिनी जिना उतरून खाली आली तर फाटकाशी देवकी उभी होती. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी. तोंड पांढरं पडलेलं, लुगड्याचा पदर ओला.

"अवं, तुम्ही? बसनं आल्या?"

"दोनदा उलटी झाली," देवकी म्हणाली, बसचा नंबर सांगावा तशी. तिनं पिशवीतून नत्थूजींचं डायलिसिसचं कार्ड काढलं. "हे द्याले आली. सरकारी कागद हाय, घरी ठेवू नये म्हनते."

ते कार्ड कुणाला परत नको होतं. कामिनीनं ते घेऊन आपल्या पिशवीत ठेवलं. तिनं देवकीला समोरच्या दुकानात पाणी पाजलं, खारा सोडा पाजला आणि रिक्षात घालून स्टँडवर आणलं. त्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. ते उठेपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. मग बसल्या.

वारा अजून गरमच होता. कामिनीचे पाय भरून आले होते. हुडकेश्वरची एक बस समोरून निघून गेली.

देवकी बराच वेळ लिंबू हुंगत होती. मग समोर बघतच म्हणाली, "तो म्हातारा तं डोंगरावरच राहिला."

"हो."

"अन् बाकीचे? ते लोकं? लेकरंबाळं घेऊन तिथंच थांबले का?"

कामिनीनं तिच्याकडे पाहिलं. अंबाडीची पानं खुडणारी ती बोटं तिला आठवली. तेव्हा वाटलं होतं, हिचं लक्ष नाही.

"नाही," ती म्हणाली. "दुसरा माणूस पुढं होतो. नदी असते मधे. भरलेली."

"मंग कशे जाते?"

पुढची पानं कामिनीनं अजून उघडली नव्हती. पुस्तक अठरा-वीस दिवस पिशवीत तसंच पडून होतं. तिनं ते काढलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कर्ण्याचा आवाज येत होता म्हणून देवकी जवळ सरकली. तिचा खांदा कामिनीच्या खांद्याला लागला. हलका होता, हाडांचा.

एक पान झालं. दुसरं अर्धं झालं तेव्हा उमरेडची बस समोर येऊन लागली. लोक धावले. कंडक्टर दारात उभा राहून ओरडू लागला. कामिनीनं ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली.

देवकीनं बसकडे पाहिलं. पिशवी पायांशी होती, ती तिनं उचलली नाही.

"वाचा तुमी," ती म्हणाली. "मांगून दुसरी येते."